चार बोटं, तुमच्या हाताची

आबा, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्यांना पत्र कशाला लागतं? आता तुम्हाला जाऊन बारा वर्षं झालीत आणि मला भीती वाटतेय, जेवताजेवता घास हातात राहावा अशी, आणि ही भीती कळेल असं तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचत नाही. तुमचाच आजार मला झालाय. रक्ताचा तोच कॅन्सर, वर्षानुवर्षं सोबत राहणारा. डॉक्टर म्हणतात, हा वारशानं येत नाही, योगायोग आहे. योगायोगालाही नेमकं आपलंच घर सापडलं.

राजारामपुरीतला तो एसटीडी बूथ आठवतो ना? दर महिन्याला मुंबईला जाणं झेपायचं नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनीच फोनवर तपासायचं कबूल केलं होतं. ते दोनच गोष्टी विचारायचे: पांढऱ्या पेशी किती, आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून डाव्या बरगडीखाली किती बोटं उतरलीय. त्यावरून कॅप्सूल ठरायच्या. रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून तो वाचायचं काम माझं. बोटं त्याच दिवशी सकाळी घरी मोजायची. तुम्ही स्वयंपाकघरात चटईवर उताणे पडताय, आई स्टोव्ह बारीक करून बघतेय, आणि मी बरगडीखाली एकेक बोट टेकवतेय. मी बारावीत होते तेव्हाची ती सकाळ. माझी सहा बोटं भरली. तुम्ही माझा हात बाजूला सारलात आणि स्वतःचा ठेवलात. शिरोलीच्या फाउंड्रीत वीस वर्षं घालवलेला, एकेक बोट माझ्या दीड बोटाएवढं. "चार," म्हणालात, आणि सदरा खाली ओढलात.

बूथमध्ये डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही खणखणीत आवाजात सांगितलंत, "चारच हाईत सायेब. गेल्या बारीला बी चारच हुती." मी तुमची बाही ओढली. तुम्ही रिसीव्हरवर हात ठेवून माझ्यावर खेकसलात, "गप की! माझ्या हातानं चारच हाईत. सहा म्हटलं की मुंबईला बोलवून घेत्यात, अन् तितनं मी माघारी येत न्हाय." ओरडून झालं तरी रिसीव्हरवरचा हात काढायचं तुम्ही विसरलात, पलीकडे डॉक्टर हॅलो, हॅलो करत राहिले. तुम्हाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं, आणि त्यानंच माझं तोंड बंद झालं. मी मुकाट्यानं पेशींचा आकडा वाचला. तो फारसा वाढलेला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी चारवर विश्वास ठेवला आणि कॅप्सूल तेवढ्याच ठेवल्या. चार महिन्यांनी तुम्ही घरातच गेलात.

मला अजून तुमचा राग येतो, आबा. भट्टीतलं लोखंड साच्यात ओतायच्या आधी तुम्ही नमुन्याचा तुकडा पाडून, तोडून बघायचात. आतला दाणा मनासारखा नसला की मालक समोर उभा असला तरी भट्टी थांबवायचात. "नमुना खोटं बोलत न्हाय," हे मला शंभरदा ऐकवलंत. आणि स्वतःच्या पोटाची पाळी आली तेव्हा? मी तेव्हा ओरडून "सहा" म्हणाले असते तर तुम्ही वाचला असता का, हे मी आताच्या डॉक्टरांना आडून आडून विचारलं. ते म्हणाले, त्या काळी औषधंच नव्हती फारशी. मला ते पुरतं पटलेलं नाही.

आता बूथ नाही. त्याच राजारामपुरीत एका दवाखान्यात खोली आहे, टीव्हीवर कॅमेरा बसवलाय. पडद्यावर मुंबईचे डॉक्टर दिसतात, आपण बोललेलं त्यांच्यापर्यंत जरा उशिरा पोहोचतं, आणि त्या मधल्या क्षणात मी त्यांचा चेहरा वाचत बसते. इथले डॉक्टर टेप लावून सेंटिमीटर सांगतात. बोटं कुणाची, हा प्रश्नच मिटलाय. नवी गोळी रोज एक. तिनं वर्षभरात पानथरी पार वर गेली, हाताला लागेनाशी झाली. ही गोळी तुमच्या वेळी असती तर, असं वाटून मी रोज तुम्हाला आठवतच पाणी पिते. गोळी चालेनाशी झाली तर पुढे काय, हे मी पडद्याला अजून विचारलेलं नाही.

हे सगळं मी शिकवणीचा क्लास घेते त्याच्या वहीत लिहितेय, मुलांच्या गणितांच्या मागच्या पानावर, आणि ते तिथंच राहील. गेल्या महिन्यात मी त्या खोलीत गेलेच नाही. पाहुणे आलेत, असा फोन करून तारीख पुढे ढकलली. ती पुढची तारीख उद्याची. पाहुणे कुणी आले नव्हते, आबा. त्या दिवशी सकाळी आंघोळ करताना डाव्या बरगडीखाली पानथरी पुन्हा हाताला लागली होती. मोजलं तर दोन बोटं भरली. मग मी अंगठा आडवा ठेवून मोजलं आणि स्वतःला सांगितलं, दीडच आहे.