अम्मीला समुद्र दिसतो

मुरुम, १९५७

चाँदपाशा भाईजान,

हे पत्र टाकणार न्हाय. तुमच्याकडं कराचीला जाणारी पत्रं इथं फोडून वाचतात. अम्मीला एकटीला पाठवू नका म्हणलं होतं, ऐकलं न्हाय तुम्ही. तिच्या इथं राहायच्या परवान्याची मुदत संपली आन् तिला ताप चढला. सरकारी दवाखान्यात म्या तिला माझी सासू म्हणून दाखवलं, नावबी सासूचंच सांगितलं. पर तापात ती बरळते, "चाँद, खिडकी लाव, समुद्राचा वारा लागतोय."

नर्सबाई हसल्या, "मुरुमात समुद्र कुठला, आजी?"

आज तिच्या खाटेपाशी एक हवालदार बसलाय. लई मायेनं पाणी पाजतोय, समुद्राचं विचारतोय. ती त्याला चाँद म्हणती, आन् सगळं सांगती.

तुमची बहीण,
बेगमबी