एबेलचे न वाढणारे चार इंच

दोस नोगालेस, टेक्सस
बुधवार, सकाळ

आदरणीय रॉइसमामांना,

डेलचा टोपी काढून आणि मान बरीच खाली घालून नमस्कार. मान एवढी खाली का, ते पुढे येईलच. आधी तुमच्या गुडघ्याचं सांगा. डॉक्टरांनी सांगितलेला बर्फ गुडघ्यावर ठेवता, की अजूनही नुसता फ्रीजमध्येच ठेवता? माझं नाव निघालं की मामींचा रक्तदाब पूर्वीसारखाच वाढतो का? वाढत असेल तर हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नका. मी ठीक आहे. डावा डोळा थोडा सुजलाय, पण तो वाऱ्याने (इथे वारा सुटला की निम्मं मैदान माणसाच्या डोळ्यात जातं). मारामारी झालेली नाही. भांडणं झाली तेवढी सगळी तोंडी झाली.

शनिवारी मी फोनवर जो अहवाल दिला, तो कृपया फाडून टाका. फोनवरचं बोलणं फाडता येत नाही हे कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसालाही कळतं. पण तुम्ही तो त्या पिवळ्या वहीत उतरवून घेतला असणार. मी म्हणालो होतो की एबेल इबारा, वय सतरा, डावखुरा पिचर, आज पाच फूट आठ इंच, दोन वर्षांत सहा फुटांवर जाईल, आणि आज ताशी चौऱ्याऐंशी मैलांनी येणारा त्याचा चेंडू मग नव्वदने येईल. यातलं 'सतरा' आणि 'डावखुरा' बरोबर आहे. पाच फूट आठही बरोबर आहे, बूट धरले तर. तुम्ही ते ऐकून इतके खूश झालात, की तुमच्या कॉलेजच्या बेसबॉल संघातली फीमाफीची उरलेली एकुलती एक जागा याच पोराला, आणि त्या बेलफील्ड संघातल्या सहा फूट तीन इंची ट्रिप नावाच्या पिचरला नकार कळवतो, असं म्हणून मोकळे झालात. कळवला नसेल तर जरा थांबा. कळवला असेल तरी पुढचं वाचा.

चूक माझी, पण नियम तुमचा. सतरा वर्षांच्या पोराचं अंग बघू नये, त्याचा बाप बघावा. मनगटं बघावीत, खांदे बघावेत, आईची उंची बघावी, भावंडं दिसली तर तीही नजरेखालून घालावीत, म्हणजे पोरगं किती वाढणार ते कळतं, हे तुम्ही मला गाडीत बसवून तीनदा सांगितलंत. मी बघितलं. गेल्या शुक्रवारच्या सामन्याला जाळीमागे, एबेलच्या आईशेजारी, घडीच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. माणूस कसला, कोठार होतं. सहा फूट चार इंच, फावड्यासारखे हात. एबेलची बॅग त्याने दोन बोटांनी उचलून आणली, पंचाला त्यानेच शिव्या घातल्या, पोराला पाण्याची बाटली त्यानेच दिली. आता बाप आणखी काय वेगळं करतो? मी वहीत लिहिलं, 'बाप भरभक्कम, पोरगं किमान चार इंच वाढणार.'

खात्री करायला भावंडं बघायची होती. एबेलला एकच बहीण आहे, नोएमी. वीस वर्षांची, नर्सिंग शिकते, आणि प्रत्येक सामन्याची नोंद ठेवते. मामा, मी इथे तुमच्या कामासाठी आलोय हे मी क्षणभरही विसरलो नाही, आणि केवळ म्हणूनच मी तिच्याकडे तीन डावभर बघत होतो. (चौथ्या डावातही बघितलं. ते माझ्या खात्यावर धरा.) शेवटी तिनेच पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "अहो पाहुणे, घोडा खरेदी करायला आलात का? दात दाखवू?"

यावर शहाण्या माणसाने क्षमा मागितली असती. मी तिला विचारलं की तुमच्या वडिलांच्या बुटाचा नंबर काय. नंतर मला जाणवलं की मी स्थळ बघायला आलेल्या आत्याबाईसारखा बोलतोय, पण तोवर आईची उंची आणि आजोबांना टक्कल होतं का, हेही विचारून झालं होतं (टक्कल कशाला विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही). ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली, वडिलांचा नंबर सात. समोर त्या कोठाराचे होडीएवढे बूट मला दिसत होते. मला वाटलं, पोरगी टिंगल करतेय. मी चौदा लिहिलं.

त्याच संध्याकाळी खाण्याच्या खिडकीवर माझं पहिलं भांडण झालं. इथे खेळाडूंचे पालक आळीपाळीने ती खिडकी सांभाळतात. त्या दिवशी आत एक ॲप्रनवाला मिशाळ माणूस होता. माझ्या चिप्सवर घेवड्याची तिखट चिली ओतता ओतता त्याने विचारलं, कोणाला बघायला आलास. आता कोणाला बघतोय ते कुणाला सांगायचं नाही, हाही तुमचाच नियम. मी हवेचा विषय काढला. तो आपला म्हणाला, त्या डावखुऱ्याचा चेंडू शेवटच्या हातभर अंतरात खाली बसतो, तिथे लक्ष ठेव. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, काका, तुम्ही घेवडा सांभाळा, चेंडू आम्ही सांभाळतो. त्याने माझ्या वाटीत मिरच्यांचा आणखी एक चमचा घातला. (मी त्या सगळ्या खाल्ल्या. माघार घ्यायचा प्रश्नच नव्हता.)

काल, मंगळवारच्या सामन्याला, मी इस्त्रीचा शर्ट घालून त्या कोठारापाशी गेलो, हात मिळवला, आणि म्हणालो, पोरात तुमचंच रक्त दिसतं हो. तो इतका हसला की खुर्चीची एक दांडी वाकली. ते गृहस्थ म्हणजे एबेलच्या मावशीचे यजमान, ट्रक चालवतात, आणि लग्नाने या घरात आलेत. रक्ताचा थेंबभर संबंध नाही. त्यांनी अंगठ्याने खिडकीकडे दाखवलं. "बाप तो बघ. मिरच्या चिरतोय."

मामा, खिडकीत तो माणूस मला बरा उंच वाटला होता. आमचं बोलणं ऐकून तो दाराने बाहेर यायला निघाला, आणि खिडकीतून एकाएकी दिसेनासाच झाला. तो आत उपड्या खोक्यावर उभा राहून काम करतो. पाच फूट चार इंच. बुटाचा नंबर सात. आईची उंची त्याहून दोन इंच कमी. तेव्हा लिहून घ्या, एबेल इबारा आता वाढणार नाही. चौऱ्याऐंशीचा चेंडू फार तर शहाऐंशीने येईल, तोही पाठीमागून वारा असताना.

आणि तरीही ती जागा त्यालाच मिळाली पाहिजे. हे मी आता डोकं थंड ठेवून लिहितोय (खरोखर थंड, मोटेलच्या नळाखाली धरून आलोय). मी नोएमीकडे तिच्या नोंदवह्या मागितल्या. ती म्हणाली, वहीवर चिलीचा डाग पडला तर बोटं मोडेन. तीन वर्षांच्या वह्या मी पान न् पान वाचल्या. तीन वर्षांत एबेलने चेंडू भरकटवून फुकट पहिल्या बेसवर सोडलेले फलंदाज एकूण एकोणीस. ट्रिपने याच मोसमात तेवीस सोडलेत. तेच फलंदाज एबेलसमोर एका सामन्यात तिसऱ्यांदा येतात, तरी त्यांना चेंडू सापडत नाही, कारण तो खरोखरच शेवटच्या हातभर अंतरात खाली बसतो. (वह्यांना साबणाचा वास येतो. हे अहवालात धरू नये.)

आणि वह्यांत नसलेली एक गोष्ट. शुक्रवारी पाचव्या डावात दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या इथल्या शॉर्टस्टॉपने हातातला सोपा झेल सोडला, दोन धावा गेल्या आणि पोरगं मैदानातच रडायला लागलं. एबेल त्याच्याकडे चालत गेला. पाठीवर थाप नाही, भाषण नाही. फक्त लोकांच्या आणि त्याच्या मधे पाठ करून उभा राहिला, त्याचं रडणं थांबेपर्यंत आपल्या बुटाची माती काढत राहिला, आणि मग परत जाऊन पुढच्या तिघांना बॅटही लावू दिली नाही. ट्रिपच्या हातून झेल सुटला तर तो ग्लव्ह जमिनीवर आपटतो. मला माहीत आहे, कारण मीही आपटायचो, आणि मी आज कुठे आहे ते तुम्ही जाणताच.

तुम्ही 'हो' म्हणेपर्यंत मी हे गाव सोडत नाही. माझी इथून बदली करा, मला कामावरून काढा, आईला फोन करा. मी खोली नंबर सहामध्ये आहे.

मामींना नमस्कार, कुत्र्याला एक हाड.

कॉलेजमधून पळालेला, पण इथून न हलणारा,
तुमचा डेल

ता. क. इथवर जे लिहिलं ते खरं आहे, पण लिहिणारा प्रेमात आहे, आणि त्याच्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा ते मलाच ठरवता येत नाही. म्हणून विनंती अशी की परवा शुक्रवारी तुम्ही स्वतः या (पत्र तातडीच्या टपालाने धाडतोय, उद्या पोचेल). एबेल बेलफील्डविरुद्धच टाकणार आहे आणि समोरून ट्रिप. दोघांनाही बघा. माझ्याशेजारी बसू नका, माझं काही ऐकू नका.

ता. क. २. खरी विनंती वरची नाही, ही आहे. काल एबेलच्या वडिलांची, डॉन एउसेबिओंची (इथे मोठ्यांना मान देताना 'डॉन' म्हणतात), मी क्षमा मागितली. त्यांनी हात पुसले आणि एवढंच विचारलं, "पोरा, तिथे याचा खांदा गेला तर? शिकू देतील, का घरी पाठवतील?" आपण ही जागा दरवर्षी नव्याने देतो, आणि खांदा गेलेली पोरं पुढच्या वर्षी दिसत नाहीत, हे मी तुमच्याच मैदानावर बघितलंय. तेवढ्यात नोएमी म्हणाली, कॉलेज अर्ध्यावर सोडलेल्याला काय विचारताय, बाबा. तिचं बरोबर होतं. मामा, खांदा राहो वा जावो, चार वर्षं फी माफ, असं तुमच्या हाताने कागदावर लिहून आणा. तेवढं जमत नसेल तर जागा ट्रिपला द्या. ग्लव्ह आपटणाऱ्यांना परत घरी जाणं जमतं.

ता. क. ३. कागद आणायचं विसरू नका, कारण चार वर्षांच्या फीमाफीला तुम्ही 'हो' म्हणालात असं मी त्यांना कालच सांगून टाकलंय. डॉन एउसेबिओ खिडकी लावून घेऊन आत खोक्यावर जाऊन बसले. त्यामुळे आता माझं बोलणं खोटं पडू देणं तुम्हालाही शक्य नाही. सामना चार वाजता आहे.