बाबांचा एकुलता एक लाकडी मासा

आदरणीय डेस्मंड दाजी,

मेहुण्याचा, म्हणजे या लॉइडचा, उभ्याउभ्याच नमस्कार. वाकून केला असता, पण गुरुवार रात्रीपासून कंबर धरली आहे. तुमची तब्येत कशी आहे? मुद्दाम विचारतो आहे. काल मर्लताईने फोन करून माझ्याकडे खांद्याला चोळायचं मलम मागितलं. कोणाच्या खांद्याला, ते काही बोलली नाही. (मीही फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे तो नेहमी ताई उचलते, आणि हा विषय आपल्या दोघांतला आहे.)

बाबांचा लाकडी मासा तुम्हाला माहीत नसणार, असं मी बारा वर्षं समजून होतो. जिल्ह्याच्या सामन्यात ज्या बॅटने त्यांनी सत्त्याऐंशी धावा काढल्या, ती मोडल्यावर त्यांनी तिच्यातून आमिषाचा वीतभर मासा कोरला, त्याला चुलीचं काळं पॉलिश फासलं, डोळ्यांच्या जागी खुर्चीचे पितळी खिळे ठोकले आणि पोटाखाली तीन तोंडांचे दोन गळ लावले. रात्री मोठ्या ट्राउट माशाला असलंच काळं धूड पाण्यावरून जाताना दिसतं. शेवटच्या आजारपणात मला जवळ बोलावून म्हणाले, "एकच निघाला रे, बाकीचं लाकूड कुजकं होतं. तुझ्यासाठी ठेवलाय. कोणाला बोलू नकोस." मी बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही.

आता गुरुवारचं ऐका. (किंवा नका ऐकू, तुम्ही होतातच तिथे.) मे महिन्यात, आपल्याकडे थंडी सुरू होताना, मोठे ट्राउट तळ्यातून ओढ्याच्या मुखाशी आले की आपल्या गावात एकदम सगळ्यांना लवकर झोप येऊ लागते. मीही रीतीप्रमाणे चोरून गळ टाकायला निघालो, गाडी अर्धा मैल अलीकडे झाडीत लपवली, पाण्यावर बॅटरी मारली नाही, खोकला आला तो टोपीत खोकलो. समोरच्या काठावर कोणीतरी आहे असं वाटत होतं, पण असं वाटलं तरी ते माणूस नाही, वोंबॅटसारखं एखादं रानजनावर आहे असं समजायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. दहाच्या सुमाराला असा हिसका बसला की गळाची काठी हातातून जायची. बारा पौंडांचा तरी असणार! मी दोरा सोडला की तो ओढायचा, मी ओढला की तो सोडायचा. पंचवीस मिनिटं हेच चाललं. ना पाण्याबाहेर उडी, ना शेपटीचा फटका. इतका समंजस मासा नसतो, हे तेव्हाच कळायला हवं होतं. मग पलीकडे तटकन काहीतरी तुटलं आणि मी मागच्या मागे चिखलात बसलो. दोरा गुंडाळला, कोटाखाली बॅटरी लावून पाहिलं तर बाबांचा लाकडी मासा, आणि त्याच्या गळांत गळ अडकवून बाबांचा दुसरा लाकडी मासा. तेच पॉलिश, तेच खिळे. पलीकडून एक शिवी आली नाही. दाजी, बरणीचं झाकण उघडलं नाही तर पाद्रीबाबांसमोर तुम्ही काय काय बोलता ते मी ऐकलंय, त्यामुळे हा संयम मला फारच संशयास्पद वाटला.

मी कोणावर उगाच आळ घेत नाही. पहाटे पाचला आधी शेजारच्या व्हर्नच्या गाडीवर हात फिरवून पाहिला. बॉनेटवर बोटभर हिमाचा थर. मग तुमच्या दारात आलो. काचेवर हिम, आणि बॉनेट मात्र कोमट आणि ओलं! शिवाय गुरुवारी ताई चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेलेली असते, हे सोयीचंच.

दुसरा मासा मी परत देईन. पण तो बाबांनी तुम्हाला दिला, की तुम्ही उचललात, एवढं खरं सांगा. उचलला असेल तर मला राग येईल. दिला असेल तर मात्र वाईट वाटेल, फार वाईट वाटेल.

आपला (अजून तरी),
लॉइड

ता. क. पाकीट बंद करणार तोच ताई मलम न्यायला आली. टेबलावरचे दोन्ही मासे पाहिले, एक उचलून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "गाठ चांगली मारतोस, पण ओढतोस किती अडाण्यासारखा! खांदा निखळला असता माझा." बाबा तिला म्हणाले होते, "एकच निघाला गं. लॉइडला कळू देऊ नकोस, हिरमुसेल." मी हिरमुसलोच. मग बाबांची ती लबाडी आठवून दोघंही इतके हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. माझं तरी सगळंच हसण्याचं नव्हतं.

ता. क. २. तुमची क्षमा मागून हे पत्र फाडणार होतो. ताई फाडू देत नाही. म्हणते, "टाक तसंच पोस्टात. तालीम चार वर्षांपूर्वीच बंद पडली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू तेच सुचत नव्हतं." तेव्हा कळावे.

ता. क. ३. ताई आता वेगळंच विचारते आहे. गुरुवारी ती अकराच्या आत घरी आली होती आणि तुम्ही घोरत होतात. मग पहाटे पाचला बॉनेट कोमट कसं? बाबांची बॅट चांगली लांबरुंद होती, दोन माशांत संपणारी नव्हती, हे आम्हाला दोघांनाही आत्ताच आठवलं. येत्या शनिवारी मी तुमच्या घरी येतो आहे. तोवर तुमच्या कोटाचे खिसे रिकामे करू नयेत, ही विनंती.