माझ्या रक्तावरची साय

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझे गुडघे, वहिनीची पाठ आणि तुमचा तो खरखरणारा रेडिओ, तिघांचीही तब्येत कळव.

इकडे सगळं ठीक, फक्त माझ्या रक्तावर साय आली आहे. थट्टा नाही. डॉक्टरीणबाईंनी बारा तास उपाशी राहून रक्त द्यायला सांगितलं होतं. राहिले. पण प्रयोगशाळेत रांग ही एवढी, आणि बाकावर शेजारच्या आजींनी डबा उघडून लोण्याचा केक पुढे केला. (कुणी प्रेमाने दिलेलं नाकारायचं नाही, हे शाळेत सिस्टरांनी असं घोटून घेतलंय की अजून हात आपोआप पुढे जातो.) दोन तुकडे खाल्ले. तीन तासांनी नंबर लागला. रक्त घेणाऱ्या मुलीने नळी यंत्रात फिरवून माझ्यापुढे धरली. ''मावशी, हे रक्त आहे की मिल्कशेक?'' वरचं पाणी चक्क दुधाळ! मी केकची कबुली दिली. ''उद्या या, आणि तोंडाला कुलूप लावून या.''

दुसऱ्या दिवशी खरोखर उपाशी गेले. नळी तरीही दुधाळच. या वेळी ती मुलगी हसली नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ते दूध म्हणजे रक्तात तरंगणारी चरबी. कमरेवर दिसते ती चरबी त्या मानाने गरीब. तिथली जागा संपली की ती यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत घुसते, आणि ''साखर आत घ्या'' हा इन्सुलिनचा निरोप पेशींना नीट ऐकूच देत नाही. दादा, मी थक्क झाले रे. इतकी वर्षं माझं यकृत हा पसारा सांभाळत होतं आणि एका शब्दाने कुरकुरलं नाही! मी बरगडीखाली हात ठेवून त्याची माफी मागितली (मनातल्या मनात, बाई समोर होत्या).

त्यांनी विचारलं, घरात कुणाला असं काही होतं? म्हटलं, बाबांना. साखर, मग बावन्नाव्या वर्षी हृदय. पण ते तर काडीसारखे होते! त्या म्हणाल्या, काडीच्या आतही साठते. आणि मला तू आठवलास, पट्टा शेवटच्या भोकात अडकवून ''चरबी तुम्हा जाड्यांची'' म्हणून मिरवणारा.

तुझी,
धाकटी

ता. क. तपासणी करून घे, असं मी मुळीच म्हणणार नाही. तू माझं कधी ऐकलंयस?

ता. क. २. वहिनीने आज सकाळपासून तुला चहासुद्धा का दिला नाही, ते आता कळेल. हे पत्र घेऊन आलेले गृहस्थ पोस्टमन नाहीत. बाही वर कर.