रेबेकासाठी एक विनंती

१३ मार्च, गुरुवार

आज पुन्हा! रेबेका लिननच्या खोलीत, टॉवेलांच्या ढिगावर डोकं टेकून झोपलेली. सौदीहून वीकेंडला आलेल्या कुटुंबांनी सातवा मजला भरलाय, आणि ही बाई घोरतेय. तिच्या खोल्या मीच उरकल्या. कंबरडं मोडलं माझं. वसईची पोर म्हणून मीच तिला इथे बहारीनला हॉटेलात लावली, आता मानही मलाच खाली घालावी लागणार.

उद्या सनाबिसला कॉर्नेलियसच्या घरी उपवासकाळाची प्रार्थना. पाच मिनिटं मी बोलायचंय. विषय — कष्ट आणि जीभ. कष्टांवर तर मी तासभर बोलेन!

१४ मार्च, शुक्रवार

झकास झालं. देवाने दिलेलं काम मनापासून करा, कष्ट न करणाऱ्याने जेवायचं नाव काढू नये, हे संत पौलाचं सांगणं अगदी ठासून सांगितलं. जिभेचं राहून गेलं. वेळच संपला.

मग विनंत्या. कोणी आजाऱ्यांसाठी मागितलं, कोणी मुलांच्या परीक्षेसाठी. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं — "हे प्रभू, आमच्या हॉटेलातल्या रेबेकाला आळसातून सोडव. ड्युटीवर ती सारखी झोपते." सगळे एका सुरात — "प्रभो, आमची प्रार्थना ऐक!" रेबेका शिफ्टवर होती आणि तिचा नवरा मर्विन तिला आणायला गेला होता, ते एक बरं.

परतताना गाडीत ब्लेझ म्हणाला, "ही प्रार्थना होती की चहाडी?" नवरा आहे की वकील! मी खिडकीकडे तोंड करून बसले.

१६ मार्च, रविवार

कॉर्नेलियस आमच्याच हॉटेलच्या एचआरमध्ये आहे. मला काय माहीत नव्हतं? होतं! पण घरी तो मांडीवर बायबल घेऊन बसलेला असतो, तेव्हा ऑफिस कुठे आठवतं?

आज त्याने केबिनमध्ये बोलावलं. रेबेकाचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपतंय, रिन्यू करत नाही म्हणाला. म्हणजे व्हिसाही खलास. मी म्हटलं, "अरे, ती प्रार्थना होती!"

"म्हणून तर विश्वास ठेवला, हेलन. देवासमोर कोण वाढवून सांगेल?"



१८ मार्च, मंगळवार

रेबेकाच्या हातात लेटर पडलं. लिननच्या खोलीत माझ्या गळ्यात पडून रडली. "हेलनबाय, मला दिवस गेलेत." आधी दोनदा गर्भ पडलाय तिचा. दुसऱ्या वेळी मर्विन पार खचला होता, म्हणून यंदा त्यालाही सांगितलेलं नाही. "पास्काच्या सणापर्यंत कोणाला बोलू नका. तुम्हालाच सांगतेय." चक्कर, उलट्या, झोप — आणि मी म्हणे आळस! शरम वाटली मला. मी गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवून शब्द दिला.

मग डोळे पुसत विचारते, "माझ्याबद्दल वर कोणी सांगितलं असेल हो?"

मी टॉवेलांच्या घड्या करत राहिले.

२० मार्च, गुरुवार

कॉर्नेलियसच्या केबिनपर्यंत जाऊन परत आले. खरं कारण सांगावं तर शब्द मोडतो. न सांगावं तर तो ऐकेल का? जेवण जात नाही.

ब्लेझला एवढंच म्हटलं, की रेबेकाबद्दल मी चुकीचं बोलले. तो म्हणाला, "चारचौघांत बोललीस, चारचौघांतच मागे घे. आपलं चुकलं तेवढं सांग आणि खाली बस. तिथे पुराण लावू नकोस."

२१ मार्च, शुक्रवार

रेबेका शिफ्टवर. मर्विन मात्र आलेला, अगदी माझ्या समोर.  विनंत्यांच्या वेळी उभी राहिले — "मागच्या शुक्रवारी मी रेबेकाला आळशी म्हटलं. ते खोटं होतं. माझ्या टीममध्ये तिच्यासारखी कष्टाळू दुसरी नाही. देवाने आणि तिने मला क्षमा करावी."

खाली बसायचं होतं ना! पण कॉर्नेलियसने विचारलं, "मग ड्युटीवर झोपते कशी, हेलन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — "अरे, दोन जिवांची आहे ती! झोप येणार नाही तर काय होणार?"

 मग टाळ्याच! बायका मर्विनला म्हणाल्या, "अभिनंदन, छुपा रुस्तम!" तो उठून बाहेर गेला. फोन करायला गेला असेल. कॉर्नेलियस म्हणाला, "आता मीच वर बोलतो. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करून घेतो."

शब्द मोडला, खरंय. पण नोकरी वाचली ना पोरीची!

२३ मार्च, रविवार

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. रेबेका वेळेवर आली, ट्रॉली भरायला लागली. मला वाटलं, आता आभार मानेल.

"मर्विन परवापासून जेवला नाही, हेलनबाय. मी नुसती खोकले तरी दचकतो. हे भीतीचे दिवस मी एकटीने काढणार होते."