भाचा बाटला न्हाई, दादा

तीर्थरूप धुळाजीदादांच्या पायाशी धाकटी बहीण तुकाबाईचा मुळशीहून दंडवत. तुझा गुडघा कसा हाय, वहिनीचा दमा कसा हाय, मेंढरं औंदा कुटवर नेलीस, समदं कळव. आमी हितं खंडोबाच्या कृपेनं बरी हाओत. धरणाचं पाणी तळाला गेलंय, आंब्याला मोहर आला तसाच गळला. (वर 'दादांच्या' म्हणून मानानं लिवलंय ती पत्राची रीत. खाली तूच म्हणणार, कारण मी तापलेली हाय नि तापल्यावर मला मान धरवत न्हाई.)

पत्र लिवायचं कारण, तू माझा फोन उचलत न्हाईस. फोन करायचा सोडून तू कुशाबाच्या तोंडी निरोप धाडलास, की मल्हार बाटला, मी मामा म्हणून त्याच्या पाठीशी उभा ऱ्हाणार न्हाई, पत्रिकेतनं माझं नाव काढा. कुशाबानं हा निरोप आमच्या दारात उभं राहून, समद्या बाया नळावर असताना, यष्टीच्या कंडक्टरवानी वरडून दिला. आता उत्तर त्याच्याच हाती धाडतीया, पण पाकीट डिंकानं चिकटवून. मी चौथी शिकलेली बाई, लिवण्यात चुकलं तर पोटात घाल. पण वाच शेवटपोत्तर. मल्हारचा बाप गेल्यापासून त्याला तुझ्याबिगर मोठं माणूस न्हाई, आणि तू तितं मुठा गावात बसून घोंगडं डोक्यावर घेतलंस.

पैलं हे ऐक, मल्हार बाटला न्हाई. पोरीचं नाव सुवार्ता, पिरंगुटला दवाखान्यात नर्स हाय. कंपनीत मल्हारचं बोट मशिनीत आलं, तिनं पट्टी बांधली, आणि बोट बरं झाल्यावरबी हा गडी पट्टी बांधायला जातच ऱ्हायला. तितंच मी समजून चुकले. लगीन कोर्टात सही करून होणार, ज्याचा देव त्याच्यापाशी. हळद नि मांडव आपल्या दारात, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं प्रार्थना नि जेवण. तिनं कुंकू लावावं असं मी म्हणले न्हाई, यानं गळ्यात क्रूस घालावा असं ते म्हणले न्हाईत. मंग बाटला कोण आणि कवा, ते मला सांग.

तुला कुणी काय भरवलं असंल ते मला ठावं हाय, कारण तेच मलाबी भरवलं होतं. माझ्या कानात भरवणारे म्हणजे भूगावचे बंडोपंत. (मी त्यांच्या सोसायटीत अंडी घालते. हापिसातनं रिटायर झालेला माणूस, जगातलं समदं ठावं, फकस्त अंडं किती उकडायचं ते दर आठवड्याला मला इचारतो.) ते म्हणले, तुकाबाई, ख्रिश्चन लोक घरात इंग्रजीच बोलतात. दोन्ही टायमाला मटण खातात, उपास म्हणून न्हाई. चर्चमधी दारू वाटतात. बाया फ्रॉक घालतात. आणि परदेशातनं त्यांना पैका येतो. मी म्हणले, बंडोपंत, मंग आमच्याबरोबर चला, तुमी इंग्रजी बोला, मी पोरगी बघते. गडी लगेच तयार. कोट घालून आला, उन्हाळ्यात.

आता दिवस कुठला धरावा. बंडोपंतांनी कॅलेंडर काढलं, म्हणले हा लाल आकडा, हा त्यांचा सण, समदी घरी असतील. सणाला रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि ते तर दोन्ही टायमाचे मटणवाले, म्हणून मी कळपातला सगळ्यात चांगला बोकड काढला. शिंगांना गोंडे बांधले, कपाळाला भंडारा लावला. मी जरीची साडी नेसले. टेंपो माझ्या दिरानं, भिकूभावजीनं, चालवला. मल्हारला काय सांगितलं न्हाई, पोरगी आधी माझी मी बघणार होते. आणि भिकूभावजीनं वाटेत शिक्रापूरच्या पुढं मला आणखीन एक ग्यान दिलं. म्हणला, वैनी, सांभाळून, त्यांच्यात पाण्यावरनं बाटवतात. अंगावर त्यांचं पाणी पडलं न्हाईतर पोटात गेलं, की माणूस त्यांचं झालं. मी म्हणले, खरं का. म्हणला, टीव्हीवर बघितलंय. झालं. माझ्या मनात ते जे बसलं ते बसलं.

नेवाश्याच्या अलीकडं त्यांचं गाव. दारात उतरले तर काय, समद्या बाया पांढऱ्या साड्यांत, चूल थंड, कुणी हसंना का बोलंना. दादा, मी मनात म्हणले, खंडोबा, घात झाला. घरात मयत आणि आपण शिंगांना गोंडे बांधून आलो. मंग मी आपल्यातल्या बाईनं जे करायचं तेच केलं. सुवार्ताच्या आईच्या गळ्यात पडले आणि मोठ्यानं गळा काढला. ती बिचारी थोडा वेळ बावचळली, पण मला रडताना बघून तिलाबी रडू आलं. कुणासाठी रडतीया ते मला ठावं न्हाई, मी कशापायी रडतीया ते तिला ठावं न्हाई, पण आमी दोघी दमसास धरून रडलो. रडं आवरल्यावर मी हळूच इचारलं, कोण गेलं वं. तर म्हणली, आज गुड फ्रायडे न्हाई का, आज प्रभूला क्रुसावर मारलं. मी बंडोपंतांकडं बघितलं. बंडोपंत पंख्याकडं बघत होते. (पंखा बंद होता.)

एकूण काय, तो दिवस सुतकासारखा. समद्या घराला उपास. आणि आमच्या बोकडाकडं लहान पोरं असं बघत होती, जसं आमीच त्याला क्रुसावर द्यायला आणलाय.

आता इंग्रजीचं ऐक. बंडोपंतांनी कोटाचं बटण लावलं आणि सुवार्ताच्या बापाला इंग्रजीतनं लांबलचक काय तरी सुनावलं. तो उसाला पाणी देऊन आलेला माणूस, पायाला चिखुल. त्यानं समदं ऐकून घेतलं आणि म्हणला, "पाव्हणं, मराठीत बोला की. ह्यातलं मला 'गुड' सोडून काय बी कळलं न्हाई." पैक्याचं म्हणशील तर त्यांच्या घरावर पत्रा, पत्र्यावर वाऱ्यापायी दगड, आपल्यावानीच. परदेशातनं निघालेला पैका मधी कुटल्या ठेसनावर उतरतो ते बंडोपंतांनी अजून सांगितलं न्हाई. फ्रॉक एकाच पोरीच्या अंगात होता, ती पाळण्यात होती.

मंग आमाला देवळात नेलं. व्हय, तेबी देऊळच म्हणतात. चपला बाहेर, बसायला सतरंजी, बाया एकीकडं गडी एकीकडं. पेटी, तबला, झांजा, आणि भजन आपल्या चालीचं. एवढं मला पटलं. मंग पाळकबुवा म्हणले, मरताना येशू सात वाक्यं बोलला, त्या एकेका वाक्यावर एकेक माणूस बोलणार. दादा, खिळे ठोकलेल्या माणसानं सात वाक्यांत आटपलं, पण सतरंजीवर बसलेल्यांना दम न्हाई. बाराला बसलो ते तिनाला उठायचं. वर तापलेला पत्रा. आणि मी मुळशीपासनं पाण्याचा थेंब घेतलेला न्हाई, कारण बरोबरची बाटली भिकूभावजीनं वाटेतच संपवली, आणि त्यांचं पाणी तर घ्यायचं न्हाई.

पाणी दिलं न्हाई असं न्हाई. घरी पोचल्या पोचल्या सुवार्ताचा मामा, शांतवनमामा, सोता तांब्याभांडं घेऊन पुढं आला होता. मी तोंडाला पदर लावला आणि दोन पावलं मागं झाले. त्यानं तांब्या तसाच खाली ठेवला आणि आत गेला. मला वाटलं, सुटले.

पाचवा माणूस बोलायला उभा ऱ्हायला. त्याच्या वाट्याचं वाक्य होतं, 'मला तहान लागली आहे.' (मी खोटं लिवत न्हाई, कुणालाबी इचार.) तो सांगत होता की तहानेनं जीव कसा जातो, जीभ टाळ्याला कशी चिकटती. ते ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी सतरंजीवर आडवी झाले. शुद्ध आली तर माझं डोकं सुवार्ताच्या मांडीवर, केस वलेचिंब, जरीची साडी वली, आणि अर्धा तांब्या पोटात गेलेला. मला वाटलं, झालं कल्याण, झाले मी त्यांची. अजून आपली हाय का न्हाई ते बघायला मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून वरडले, "येळकोट येळकोट जय मल्हार." पलीकडनं गड्यांतनं भिकूभावजी सवयीनं वरडला, "सदानंदाचा येळकोट." समद्या देवळानं माना वळवल्या. तर ही पोरगी काय म्हणावी, अगदी शांतपणी म्हणली, "त्यांच्या मुलाचं नाव मल्हार हाय, त्याला हाक मारतायत." तितंच मी तिला सून केली. कोर्टाची सही मागाहून होईना का.

नंतर पाळकबुवांना मी भीत भीत इचारलं, की बुवा, आता माझं काय. ते आधी हसले, मंग रागावले. म्हणले, बाई, बाप्तिस्मा असा बेसावध माणसावर तांब्या उपडा करून होत न्हाई. त्याला आधी शिकावं लागतं, मी सवाल करतो, चार लोकांपुढं सोताच्या तोंडानं हो म्हणावं लागतं. माझा सख्खा पुतण्या अजून धडे गिरवतोय, तुमाला फुकटात कसा देऊ. आणि दारूचं म्हणशील, तर पाळकबुवांनी मल्हारला पैल्या भेटीतच सवाल टाकला होता, पितोस का. आपल्या भावकीत हा सवाल टाकायला लागले तर लग्नंच व्हायची न्हाईत.

पण आता माझ्या रागाचं खरं कारण ऐक. निघताना शांतवनमामा पुढं येईना. मी सोता गेले. तर म्हणला, "बाई, माझ्या आज्याच्या ओंजळीत लोक वरनं पाणी ओतायचे. तुमी पदर लावलात तवाच मी समजलो. भाचीला सुखात ठेवा, मी लग्नाला येत न्हाई." दादा, बघ कसं झालं. मी बाटायच्या भ्यानं मागं झाले, आणि त्याला वाटलं मला त्याचा विटाळ झाला. मी त्याला समदं सांगितलं, भिकूभावजीला पुढं उभा करून सांगितलं. तो ऐकून घेतो, पण हसत न्हाई. तहान माझी होती, आणि लाज माझ्याहून जास्ती त्याला वाटली. भिकूभावजीच्या टीव्हीला आग लागो.

आणि म्हणून तुला तोंडावर इचारते. तू म्हणतोस भाचा बाटला. तुला येशूचं वावडं न्हाई दादा, पाडेगावच्या जत्रंत तू पिराला नारळ फोडतोस. तुला त्या पोरीच्या आज्यापणज्याची जात आठवतीया. तसं असंल तर तसं सांग, देवाच्या नावामागं लपू नगस. मी तहानेनं पडले तवा ज्या हातानं मला पाणी पाजलं, तो हात माझ्या चुलीला लागणार हाय. तू आलास तर आलास, न्हाई आलास तर कोंडिबाला मामा म्हणून उभा करीन. (चुलतभाऊ हाय, मला चालंल. तुला चालतोय का बघ.) माझं काय अडत न्हाई. तुझ्यावाचून मांडव पडत न्हाई.

वहिनीला दमा सांभाळ म्हणावं, पोरांना पापा.

तुझी
तुकाबाई

ता. क. पत्रिकेतनं तुझं नाव काढलेलं न्हाई. छापणाऱ्याला काढू नगस म्हणून मीच सांगितलं. कोंडिबाला अजून इचारलेलं न्हाई.

ता. क. दुसरं. काल शांतवनमामाचा फोन आला होता. म्हणला, नवऱ्याच्या मामाला हे लगीन पसंत हाय का, तेवढं खरं सांगा. तो माणूस मनापासनं उभा ऱ्हाणार असंल तर मी येतो, न्हाईतर माझ्या बहिणीचा अपमान बघायला मी येत न्हाई. मी म्हणले, आमचा धुळाजीदादा तर पैला तयार हाय, त्याचीच घाई चाललीया. त्यावर तो म्हणला, बरं, येतो. पोरीची आई मागं रडत होती, मला ऐकू येत होतं. तवा दादा, माझं काय अडत न्हाई म्हणून वर लिवलंय, ते खोडलं असं समज. तू ये. तू मल्हारच्या पाठीशी उभा ऱ्हा, शांतवनमामा सुवार्ताच्या पाठीशी उभा ऱ्हाईल. एकमेकांशी बोलायचं नसंल तर नगा बोलू. नुसतं उभं ऱ्हावा.