न चाखता केलेला स्वयंपाक

सोमवार, ७

अप्पांचे दात सध्या माझ्या पर्समध्ये आहेत. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी कवळी स्टीलच्या डबीत घालून हातात ठेवली. म्हणाल्या, इथे हरवेल, घरी न्या. येताना बसमध्ये दर खड्ड्याला पर्समधून खुळखुळ! शेजारच्या बाई बघत होत्या. त्यांना काय सांगणार — वडील वाजताहेत म्हणून?

ही कवळी मीच केलेली. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्या करते, त्यातलीच एक अप्पांची. पण अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलंय, त्यामुळे ती आता बसतच नाही. आणि बोलणं तर बंदच. डोळे उघडून बघतात, हात दाबतात, पण शब्द नाही. ज्या माणसानं कारखान्याच्या कँटीनमध्ये उभा जन्म आरडाओरडा करत स्वयंपाक केला, तो गप्प!

मंगळवार, ८

डॉक्टरांनी बाजूला घेऊन समजावलं. या आठवड्यात तोंडानं गिळता आलं तर ठीक. नाहीतर नाकातली नळी काढून थेट पोटात नळी बसवावी लागेल. शांतपणे, माझ्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत बोलले. मी मान डोलावली, आभार मानले आणि जिन्यात जाऊन रडले.

अप्पा आणि पोटात नळी. जेवण हेच ज्यांचं आयुष्य!

बुधवार, ९

आमच्या लॅबकडे काम पाठवणाऱ्या दातांच्या मॅडम आज आपला दवाखाना बंद ठेवून वॉर्डात आल्या. अप्पांच्या तोंडाचं नवं माप घेतलं. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, ते नंतर, आधी प्लास्टर ओत, माप सुकतंय.

दुपारभर कवळीच्या आतून नवा थर चढवत बसले. घासली, पुन्हा घासली, पॉलिश केली. लॅबच्या साहेबांनी माझं बाकीचं काम स्वतःच्या टेबलावर ओढून घेतलं. आणि एरवी मी याच माणसाच्या नावानं बोटं मोडत असते.

गुरुवार, १०

आत्या आली. अप्पांची मोठी बहीण, म्हणजे आवाज त्यांच्याहून चढा. बीपीच्या गोळ्या, उशी आणि स्वतःचा झारा घेऊन आली. उद्या सण करायचाच म्हणाली. मी चिडले. अप्पा तिकडे पडलेत आणि आपण इकडे गोडधोड खायचं?

"देवाला उपाशी ठेवून त्याच्याकडे मागणार कोणत्या तोंडानं?"

मी डाळ निवडायला बसले.

शुक्रवार, ११

सणाच्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात अप्पांशिवाय कुणाला पाऊल टाकायची सोय नसायची. नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही हा घरचा नियम. अप्पा शेवटच्या उकळीच्या वाफेचा वास घ्यायचे, अंदाजानं मीठ घालायचे, झाकण ठेवायचे. चुकलं असं कधी झालं नाही.

आज त्या ओट्यापाशी आम्ही दोघी. आधी आत्या डाळीला आणि मी भाजीला, मग ती भाजीला आणि मी डाळीला. तिचा झारा माझ्या कोपराला, माझी बडबड तिच्या डोक्याला! शेवटची उकळी यायची वाट बघत होतो, तेवढ्यात सिस्टरांचा फोन. गिळणं तपासणाऱ्या बाई सण असूनही आज दुपारी येणार आहेत, कवळी घेऊन या, घरचा डाळभात मऊ कालवून आणलात तरी चालेल. मी आधी कवळीची डबी शोधायला धावले. आत्यानं पातेली उतरवली, मी नैवेद्याचं ताट वाढलं, सगळी धांदल. देवासमोर हात जोडले. काय मागितलं ते लिहीत नाही. नाही, लिहितेच — त्यांना एक घास गिळू दे.

जेवायला खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका आणि काकू. काका शाळेची बस चालवतात. झटका आला त्या सकाळी त्यांनीच अप्पांना बसमध्ये घालून हॉस्पिटल गाठलं. मुलं स्टॉपवर ताटकळली, शाळेत बोलणी बसली, पण अप्पा वाचले. हे उपकार कसे फेडायचे? अप्पांची खुर्ची रिकामी दिसायला नको म्हणून आत्यानं काकांनाच तिथे बसवलं.

मला कशाचीच चव लागली नाही. डाळ काय, भाजी काय, नुसता कागद. दुःखात तोंडाची चव जाते असं ऐकून होते, ती आज गेली. घास तोंडात फिरत राहिला. मग ताटावरून मान वर करून बघितलं. काका खाली मान घालून जेवताहेत. लोणचं मागताहेत. थोड्या वेळानं पुन्हा लोणचं मागताहेत. काकू म्हणाल्या, किती दिवसांनी असं सात्त्विक जेवले! आत्यानं तर दुसऱ्यांदा भात घेतला. आपल्या घरच्या संकटात माणसं आपल्याच घरी मन लावून जेवताहेत, तेही आमच्या हातचं. इतकं बरं वाटलं मला. या सगळ्यांना सुखी ठेव, एवढंच पुन्हा एकदा देवाला सांगितलं.

काका खाली थांबलेत. डबा भरला. कवळीची डबी घेतली. आत्या दारातून ओरडतेय. निघतो.

शुक्रवार, संध्याकाळी

कवळी बसली. बाईंनी चमच्याच्या टोकावर डाळभात दिला. अप्पांनी तो जिभेवर घोळवला. गिळला. ठसका नाही!

मग कपाळाला आठ्या. चांगल्या हातानं चमचा बाजूला सारला. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे — कँटीनमधल्या पोरांकडे बघायचे तसं.

"अळणी."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे. मीठ कुणीच घातलं नव्हतं. तिला वाटलं मी घातलं, मला वाटलं तिनं. तिला तर बीपीमुळे अळणीचीच सवय. आणि माझी चव कुठे गेलीच नव्हती!

काकांनी दोनदा लोणचं मागितलं, पण शब्द काढला नाही. शब्द काढला तो अप्पांनी.